भोपळा नसलेलं वाद्य : फुलरटनचा रेडिओ मेकॅनिक आणि गिटारचा स्वच्छ सूर

 

भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले, की दक्षिण कॅलिफोर्नियातली आपण मंडळी त्यांना एकदा तरी डिस्नेलँडला नेतोच. त्याच्या दारासमोरून जाणारा रस्ता म्हणजे हार्बर बुलेवार्ड. डिस्नेलँडला न वळता त्याच रस्त्यानं सरळ उत्तरेकडे गेलात, तर पंधरा-वीस मिनिटांत फुलरटन हे गाव लागतं. गावातून जाणाऱ्या या रस्त्याला पूर्वी स्पाड्रा रोड म्हणायचे. १९३८ साली तिथे एका माणसानं सहाशे डॉलर उसने घेऊन रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. आज जगभर जी इलेक्ट्रिक गिटार वाजते, तिचा मोठा भाग त्या दुकानातून निघाला. गंमत अशी, की त्या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती.

आजचा विषय आहे सॉलिड-बॉडी, म्हणजे भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार आणि तिचा स्वच्छ सूर. विषय सुचला तो आमच्या घरात, एका भांडणातून.

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि शाळेच्या जॅझ बँडमध्ये गिटार वाजवते. गेल्या वर्षी तिच्या शिक्षकांनी सांगितलं, "मला क्लीन टोन हवा. तुझा आवाज फाटतोय." मी आयटीवाला, त्यात एमबीए. अडचण आली की काहीतरी विकत घ्यायचं, हा आमचा पहिला उपाय. मी तिला एक पेडल घेऊन दिलं. मग दुसरं घेतलं. तिसरं घेतल्यावर आवाज फाटत होताच, शिवाय आता एक घरघरही यायला लागली. त्यावरून बाप-लेकीत रोज वादावादी.

त्याच वेळी माझे बाबा मिरजेहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. बाबांचं मिरजेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मर्फी, फिलिप्स, बुश. मग ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर, टीव्ही. एक दिवस ते तिच्या खोलीच्या दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "अगं, गिटार चांगली आहे की. फाटतंय ते त्या खोक्यात."

मुलगी म्हणाली, "आजोबा, प्लीज, तुम्हाला गिटार येते का?"

"नाही येत बाळा. पण फाटलेला आवाज येतो ओळखता. चाळीस वर्षं तेच केलं."

हे उत्तर नीट समजायला आपल्याला थोडं मागे जावं लागेल.

(इथे तंबोऱ्याचा छोटा तुकडा.)

हा तंबोरा ऐकलात. मिरजेत सितारमेकरांच्या दुकानांत पंढरपूरकडून आलेले मोठाले भोपळे वाळत टांगलेले असतात. तारेचा स्वतःचा आवाज अगदी क्षीण असतो. तारेची कंपनं घोडीवरून तबलीत जातात, भोपळ्यातली हवा हलते आणि मग खोली भरते. तारेचं कोणतंही वाद्य घ्या, त्याला कुठेतरी पोकळी असतेच. गिटारचं पोट म्हणजे तिचा भोपळाच.

पण १९२०-३० च्या दशकात अमेरिकेत नाचाचे मोठे बँड आले. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम. त्या गदारोळात गिटारवाला बिचारा हात चालवतोय एवढंच दिसायचं, ऐकू काही यायचं नाही. त्याच काळात अमेरिकेला हवाईच्या संगीताचं वेड लागलं होतं. मांडीवर गिटार आडवी ठेवून, तारांवर लोखंडी पट्टी सरकवून वाजवायचं ते संगीत. जॉर्ज बोशॅम नावाचा असाच एक हवाईयन गिटार वाजवणारा लॉस एंजेलिसमध्ये होता. त्यानं तारांजवळ लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं बसवलं. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली की वेटोळ्यात तिच्याच लयीत वीज निर्माण होते, हे तत्त्व मायकेल फॅरेडेनं १८३१ मध्येच दाखवलं होतं. बोशॅमनं त्यातून वाद्य घडवलं. ॲडॉल्फ रिकनबॅकरच्या मदतीनं १९३२ मध्ये ते बाजारात आलं. ॲल्युमिनियमचं, गोल पोटाचं आणि लांब दांडीचं. लोकांनी त्याला नाव दिलं 'फ्राइंग पॅन', म्हणजे तवा. त्याचं पेटंट मिळालं १० ऑगस्ट १९३७ ला. ही तारीख लक्षात ठेवा.

विजेची गिटार आपल्याकडे आली तीसुद्धा बरीचशी याच आडव्या रूपात. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांनी वाजवलेल्या सिनेगीतांच्या धून आपल्या आधीच्या पिढीनं रेडिओवर भरपूर ऐकल्या आहेत. बाबांच्या कानात इलेक्ट्रिक गिटार म्हणजे तोच आवाज आहे.

तव्यानंतर पुढची पायरी साहजिक होती. नेहमीच्या पोकळ गिटारवरच हे पिकअप बसवायचं. गिब्सन कंपनीनं १९३६ मध्ये ईएस-१५० हे मॉडेल काढलं. १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या बँडमध्ये चार्ली ख्रिश्चन नावाचा तरुण ती घेऊन उभा राहिला आणि गिटार पहिल्यांदा सॅक्सोफोनच्या बरोबरीनं बोलली. हा गुणी माणूस १९४२ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, क्षयानं गेला.

मात्र पोकळ गिटारमध्ये एक अडचण होती. आवाज वाढवला की स्पीकरमधून आलेला सूर गिटारच्या पोटावर आदळतो, पोट हलतं, त्यानं तारा हलतात, तो आवाज पुन्हा स्पीकरमधून येतो आणि सुरू होते शिट्टी किंवा हुंकार. गणपतीच्या मंडपात माइक कर्ण्यासमोर गेल्यावर जे 'कुईंऽऽ' होतं, तोच हा प्रकार. म्हणजे ज्या भोपळ्यानं तारेला आवाज दिला, तोच आता विजेच्या आवाजात अडथळा झाला होता.

मग भोपळाच काढून टाकला तर?

हा विचार अनेकांच्या डोक्यात एकाच वेळी घोळत होता. लेस पॉल या गिटारवादकानं १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये एपिफोन कंपनीच्या कारखान्यात बसून पाइनच्या चार इंच बाय चार इंच ओंडक्यावर दांडी, घोडी आणि पिकअप बसवले. त्याचं नावच 'द लॉग', ओंडका. लोकांना ते ध्यान पाहवेना, म्हणून त्यानं एका गिटारचं पोट उभं कापून दोन्ही बाजूंना पंखांसारखं लावलं. आवाजात काही फरक नव्हता, पण लोकांना आता गिटार दिसत होती. गिब्सननं तेव्हा ही कल्पना हसण्यावारी नेली. पुढे कॅलिफोर्नियात पॉल बिग्सबीनं १९४८ मध्ये मर्ल ट्रॅव्हिससाठी एक देखणी भरीव गिटार बनवली. पण अशा गिटारी एकेक करून, ऑर्डरप्रमाणे बनत. दुकानात टांगून विकायची गिटार अजून यायची होती.

आता आपण फुलरटनच्या त्या दुकानात जाऊ. माणसाचं नाव क्लॅरेन्स लिओनायडस फेंडर. सगळे म्हणायचे लिओ. जन्म १० ऑगस्ट १९०९. बोशॅमच्या पेटंटची तारीख म्हणजे लिओचा अठ्ठाविसावा वाढदिवस, निव्वळ योगायोग. आईवडिलांची अनाहाइम आणि फुलरटनच्या मध्ये संत्र्याची बाग होती. लहानपणी आजारात एक डोळा गेला, त्या जागी काचेचा डोळा. एका नातेवाइकानं मोटारीचे आणि रेडिओचे जुने भाग खोकाभर पाठवले आणि पोराला छंद जडला. तरीही शिकला तो हिशेबनिसाचं काम. मंदीच्या काळात नोकऱ्या गेल्या, तेव्हा पोटासाठी रेडिओचा छंदच धंदा केला.

दुकानात दुरुस्तीला रेडिओ यायचे, रेकॉर्ड प्लेअर यायचे, भाड्यानं द्यायचे लाउडस्पीकर असायचे आणि गावातल्या कंट्री, वेस्टर्न स्विंग वाजवणाऱ्यांचे बिघडलेले अँप्लिफायरही यायचे. लिओ दुरुस्त करता करता ऐकायचा आणि विचारायचा, काय त्रास होतो? कुठे तुटतं? डॉक कॉफमन या जोडीदाराबरोबर त्यानं युद्धाच्या काळात एक भरीव गिटार जुळवली, ती केवळ नवीन पिकअप तपासायला. पण वाजवणारे तीच मागायला लागले. दुकानदार ती भाड्यानं द्यायला लागला. आमच्या एमबीएच्या वर्गात ज्याला बाजारपेठेची चाचणी म्हणतात, ती इथे आपसूक झाली.

१९५० मध्ये फेंडरची भरीव गिटार आली. पहिलं नाव एस्क्वायर, मग दोन पिकअपवालीचं ब्रॉडकास्टर. ग्रेच कंपनीनं तार केली, की 'ब्रॉडकास्टर' असा उच्चार असलेले आमचे ड्रम आधीपासून आहेत. लिओनं तंटा केला नाही. गिटारवर चिकटवायच्या नावाच्या पट्टीतून तेवढा शब्द कात्रीनं कापून टाकला आणि काही काळ गिटारी बिननावाच्या विकल्या. १९५१ मध्ये नवीन नाव मिळालं, टेलिकास्टर. टेलिव्हिजन नवा होता, नाव चाललं.

व्यापारी प्रदर्शनात इतर कंपन्यांचे लोक हसले. कोणी होडीचं वल्हं म्हणालं, कोणी बर्फ उपसायचं फावडं. खरंच ती तशी दिसते. लाकडाची एक फळी, त्यावर स्क्रूनं जोडलेली दांडी. पण ही फळी दुरुस्तीवाल्यानं केलेली होती, हे लक्षात घ्या. दांडी खराब झाली तर चार स्क्रू काढा, दुसरी बसवा. आतली वायरिंग बघायची तर धातूच्या पट्टीचे दोन स्क्रू काढा, सगळं समोर. कारागिराच्या दृष्टीनं गिटारची दांडी स्क्रूनं जोडणं म्हणजे पाप. मेकॅनिकच्या दृष्टीनं ते गिऱ्हाइकाचे पैसे वाचवणं.

१९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली, तीन पिकअपवाली. तिच्या घडणीत हवाईत जन्मलेला वादक फ्रेडी टाव्हारेस याचा मोठा हात. लिओला स्वतःला वाजवता येत नसल्यामुळे तो वाजवणाऱ्यांना बोलावून बसवायचा आणि कान देऊन ऐकायचा. त्याला कंट्री संगीत आवडायचं, स्टील गिटार आवडायची. प्रत्येक तार वेगळी, काचेसारखी लख्ख ऐकू आली पाहिजे. आवाज फाटणं म्हणजे त्याच्या लेखी बिघाड, रेडिओत असतो तसाच.

(इथे स्ट्रॅटोकास्टरवर छेडलेली एकेक तार, नंतर पूर्ण कॉर्ड.)

आता आमच्या घरातल्या घरघरीकडे येऊ. बाबा खोलीत आले, तिला म्हणाले, "वाजवू नकोस. नुसती खुर्ची फिरव. तोंड खिडकीकडे कर." ती फिरली आणि घरघर अर्ध्यावर आली. आणखी थोडी फिरली, जवळजवळ गेलीच. मुलगी बघतच राहिली. मीही.

बाबा म्हणाले, "सांगली स्टेशन लावताना ट्रान्झिस्टर कसा फिरवायचो? आत कॉइल असते. ती जिकडे तोंड करील तिकडचं पकडते. तुझ्या गिटारमध्ये पण कॉइलच आहे ना?"

अगदी बरोबर. पिकअपमधलं वेटोळं तारेची थरथर पकडतं, तसंच घरातल्या ट्रान्सफॉर्मरचं, चार्जरचं, दिव्याच्या डिमरचं चुंबकीय क्षेत्रही पकडतं. भारतात वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, इथे साठ वेळा. बाबांनी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, "तुमच्याकडची घरघर चढ्या सुरातली आहे." मी नंतर हिशेब केला. साठ भागिले पन्नास म्हणजे सहाला पाच. मिरजेची घरघर षड्ज धरली, तर कॅलिफोर्नियाची घरघर बरोबर कोमल गंधारावर लागते.

या घरघरीवर औषध शोधलं गिब्सनच्या सेथ लव्हरनं. १९५५ मध्ये त्यानं पेटंटचा अर्ज केला आणि १९५७ मध्ये ते पिकअप बाजारात आलं. हमबकर. युक्ती साधी आहे. एकाऐवजी दोन वेटोळी शेजारी शेजारी ठेवायची, पण एकमेकांच्या उलट जोडायची आणि चुंबकही उलटे ठेवायचे. बाहेरून आलेली घरघर दोन्हींत उलटसुलट येते आणि फिटून जाते. तारेचा सूर मात्र दोनदा उलटल्यामुळे सुलट होतो आणि त्याची बेरीज होते. सूर जाडसर, ऊबदार होतो. पण वरच्या पट्टीची ती काचेसारखी चमक थोडी कमी होते आणि सिग्नल जोरदार असल्यानं अँप्लिफायर लवकर फाटतो. म्हणून लख्ख सूर हवा असणारे बरेच जण घरघर सोसूनही एका वेटोळ्याच्या पिकअपवर राहिले.

स्ट्रॅटोकास्टरवर पिकअप निवडायची कळ आधी तीन जागांचीच होती. वाजवणाऱ्यांच्या लक्षात आलं, की कळ दोन जागांच्या मध्ये अडकवली की दोन पिकअप एकदम लागतात आणि एक वेगळाच पातळ, झुळझुळता स्वच्छ सूर येतो. कळ मध्ये टिकावी म्हणून लोक कायकाय खटपटी करायचे. कंपनीनं पाच जागांची कळ दिली ती १९७७ मध्ये, तेवीस वर्षांनी.

आता मुख्य मुद्दा, खोक्याचा.

भोपळा काढून टाकला, म्हणजे तो नाहीसा झाला असं नाही. तो गिटारमधून निघाला आणि अँप्लिफायरमध्ये जाऊन बसला. भरीव गिटार वीज न लावता वाजवून बघा, रबर ताणल्यासारखा आवाज येतो. ते अर्धंच वाद्य आहे. उरलेलं अर्धं वाद्य समोरच्या खोक्यात असतं. आपण मात्र गिटारवर पैसे घालतो, पेडलवर घालतो आणि खोकं सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत घेतो. मीही तेच केलं होतं. तिच्याकडे दहा वॅटचं छोटं खोकं होतं.

आवाज फाटतो म्हणजे काय होतं? अँप्लिफायर तारेच्या सिग्नलची लाट मोठी करतो. पण त्याच्याकडे जेवढा व्होल्टेज आहे, त्यापलीकडे तो लाट नेऊ शकत नाही. लाटेचा माथा छताला लागतो आणि सपाट होतो. सपाट झालेला माथा म्हणजे कानाला खरखर. जुन्या वाड्याच्या ठेंगण्या दारातून उंच माणूस गेला तर टेंगूळ येणारच. दार उंच हवं. याला या धंद्यात हेडरूम म्हणतात, डोक्यावर मोकळी राहिलेली जागा.

तार छेडतानाचा पहिला ठोका पुढच्या आवाजापेक्षा कितीतरी मोठा असतो, तो क्षणभरच असतो आणि तोच छताला आपटतो. म्हणून स्वच्छ सुरासाठी अँप्लिफायर लागतो तो गरजेपेक्षा बराच मोठा, आणि तो वाजवायचा हळू. इथे एक गैरसमज दूर करतो. वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. तेव्हा ऐंशी वॅटचं खोकं वीस वॅटच्या खोक्यापेक्षा फार मोठ्यांदा बोलत नाही. ते न फाटता बोलतं.

लिओला हे रेडिओच्या दुरुस्तीतून पक्कं ठाऊक होतं. त्याचे अँप्लिफायर वर्षागणिक मोठे होत गेले, कारण नाचाची सभागृहं मोठी होत गेली. १९५२ मध्ये बारा इंची दोन स्पीकरांचा ट्विन आला. १९६३ मध्ये त्याचाच पुढचा अवतार, पंच्याऐंशी वॅटचा ट्विन रिव्हर्ब. आजही कोणी 'क्लीन टोन' म्हटलं की जाणकारांच्या कानात हाच वाजतो. वजन मात्र तीस किलोच्या आसपास.

याच ऑरेंज काउंटीत, बाल्बोआच्या किनाऱ्यावर रॉंदेव्हू बॉलरूम होतं. १९६०-६१ च्या सुमारास तिथे डिक डेल नावाचा सर्फिंग करणारा गडी हजारो पोरांपुढे गिटार वाजवायचा. तो इतक्या जोरात वाजवायचा, की लिओनं दिलेले अँप्लिफायर जळायचे, स्पीकर फाटायचे. लिओ नवीन बनवायचा, डिक तो जाळायचा. सांगतात, की शेवटी लिओ आणि फ्रेडी स्वतः त्या गर्दीत जाऊन उभे राहिले. आवाज ऐकला आणि मग लिओला डिकचं म्हणणं कळलं. त्यातून आणखी ताकदवान ट्रान्सफॉर्मर आणि पंधरा इंची जेबीएल स्पीकर असलेला शोमन अँप्लिफायर आकाराला आला. दुकानात बसून जे कळलं नाही, ते गिऱ्हाइकाच्या जागी उभं राहिल्यावर कळलं. आमच्या कन्सल्टिंगमध्ये यासाठी फार मोठी बिलं लावतात.

पण इतिहास सरळ जात नाही. १९६२ मध्ये लंडनमध्ये ड्रमचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलनं फेंडरच्याच बेसमन अँप्लिफायरच्या जोडणीवरून स्वतःचा अँप्लिफायर बनवला आणि इंग्लंडच्या पोरांनी तो मुद्दाम फाटेपर्यंत वाढवला. नॅशव्हिलमध्ये १९६१ मध्ये ध्वनिमुद्रणाच्या यंत्रात बिघाड होऊन एका गाण्यात गिटार फाटकी वाजली, लोकांना ती आवडली आणि पुढच्याच वर्षी तसा आवाज काढणारं पेडल विकायला आलं. लिओनं जो बिघाड काढायला आयुष्य घातलं, त्याला नव्या पिढीनं संगीत केलं. तक्रार करण्यात अर्थ नाही. तंबोऱ्याची जवारी म्हणजे काय? घोडीवर धागा सरकवून आपणही तारेला मुद्दाम झणकारायला लावतोच. फरक इतकाच, की जवारी लावणाऱ्याला ती काढताही आली पाहिजे.

आणि स्वच्छ सूर काही संपला नाही. इंग्लंडमध्ये द शॅडोजचा हँक मार्विन लाल स्ट्रॅटोकास्टर घेऊन १९६० मध्ये 'अपाचे' वाजवून गेला आणि तिथली एक अख्खी पिढी गिटारला लागली. नाइल रॉजर्सनं स्ट्रॅटोकास्टरच्या स्वच्छ, तुटक ठेक्यावर १९७८ पासून २०१३ पर्यंत लोकांना नाचवलं. बरेचदा तो गिटार थेट स्टुडिओच्या कन्सोललाच जोडायचा. जपानच्या रोलँडनं १९७५ मध्ये व्हॉल्व्ह सोडून ट्रान्झिस्टरवर जेसी-१२० बनवला. साठ वॅटचे दोन अँप्लिफायर, बारा इंची दोन स्पीकर. मेटॅलिकासारख्या कर्कश बँडनंही शांत भागांसाठी हाच वापरला.

आमच्या मुलीच्या शाळेतही बँडच्या खोलीच्या कोपऱ्यात हेच जपानी खोकं धूळ खात पडलं होतं. जड, म्हणून कोणी हलवत नव्हतं. बाबांनी तिला काय सांगितलं, ते तुमच्या घरच्या मुलांसाठी सांगतो. एका पैशाचाही खर्च नाही.

आधी सगळी पेडलं काढायची. गिटार, एक वायर, अँप्लिफायर, बस. मग एकेक वस्तू परत जोडायची आणि बिघाड कुठल्या वस्तूबरोबर परत येतो ते बघायचं. अँप्लिफायरवर दोन बटणं असतात, गेन आणि व्हॉल्यूम. बाबा म्हणाले, गेन म्हणजे आत येणारं पाणी आणि व्हॉल्यूम म्हणजे बाहेरचा नळ. टाकी उतू जात असेल तर आतलं पाणी कमी करा, नळ मोठा सोडा. गिटारवरचं व्हॉल्यूमही पूर्ण दहावर ठेवू नका, सात-आठवर आणून बघा. पिकअप तारांच्या फार जवळ असेल तर चुंबक तारांना ओढतो आणि सूर डळमळतो. स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारवर तार शेवटच्या पडद्यावर दाबली असता जाड तारेखाली दोन मिलिमीटर आणि बारीक तारेखाली त्याहून किंचित कमी अंतर असावं. तारा गंजल्या असतील तर बदला, जुन्या तारेत चमक नसते. वायर उगाच लांब नको, लांब वायर वरचे सूर खाते. आणि घरघर आली की खुर्ची फिरवा.

दोन गोष्टी मात्र बाबांनी बोट दाखवून सांगितल्या. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर घरी उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून असतात. आणि घरघर थांबते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कधीही तोडायची नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत ते जड खोकं पुसून लावलं. व्हॉल्यूम दहापैकी दोनवर. मुलीनं घरी येऊन मला काही सांगितलं नाही. थेट आजोबांच्या खोलीत गेली.

आता थोडं माझ्याविषयी. एमबीएचा अर्ज भरताना वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी 'इलेक्ट्रॉनिक्स बिझनेस' असं लिहिलं होतं. खोटं नव्हतं. पण मी ते का लिहिलं, ते मला माहीत होतं. इथे आल्यावरही कोणी विचारलं तर तेच सांगायचो. बाबांसमोरसुद्धा एकदा सांगितलं आहे. ते काही बोलले नाहीत.

परत जायच्या आधीच्या आठवड्यात मी त्यांना फुलरटनला नेलं. तिथल्या संग्रहालयात लिओ फेंडरचं दालन आहे. लिओनं १९६५ मध्ये कंपनी सीबीएसला एक कोटी तीस लाख डॉलरला विकली. पण पुढेही फुलरटनमध्येच नवीन कारखाना काढला आणि १९९१ मध्ये जाईपर्यंत पिकअप गुंडाळण्याच्या, घोड्या सुधारण्याच्या कामात गुंतून राहिला. १९९२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव गेलं. ज्याला गिटार जुळवता येत नव्हती, त्याचं. हे सगळं मी बाबांना वाचून दाखवत होतो. त्यांचं लक्ष गिटारींकडे नव्हतंच, ते जुन्या अवजारांकडे आणि मीटरकडे बघत होते.

तिथल्या एका काकांनी सहज विचारलं, आपण संगीतकार का? बाबांना प्रश्न समजला होता, पण इंग्रजीत उत्तर द्यायला ते थांबले. मी सांगितलं, "माझे वडील रेडिओ मेकॅनिक आहेत. चाळीस वर्षं दुकान चालवलं." ते काका एकदम खुश झाले. म्हणाले, मग तर तुम्ही बरोबर ठिकाणी आलात. आणि त्यांनी बाबांना पुढे नेलं. पुढची वीस मिनिटं दोघं कुठल्या भाषेत बोलत होते, मला सांगता येणार नाही. व्हॉल्व्हचे नंबर तेवढे कानावर पडत होते.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी पाहुण्यांना डिस्नेलँडला न्याल, तेव्हा अर्धा दिवस हातात ठेवा आणि हार्बर बुलेवार्डनं सरळ वर जा. घरात कोणी गिटार वाजवत असेल तर त्यांना घेऊन जा. आणि घरात कोणी जुने मेकॅनिक असतील, तर त्यांना आधी.

 

(शेवटी स्वच्छ सुरातली गिटार, हळूहळू विरत जाणारी.)